आण्णाची तालीम, चिरंजिवांची तोफ

फुटबॉलचा सिझन चालू असला की घरातल्या कामांना दोनच मुहूर्त मिळतात. एक, 'सिझन संपल्यावर बघू'. दुसरा, 'आज मॅच नाही ना, मग आत्ताच उरकून टाकू'. कोल्हापुरात माहेरी मी हे लहानपणापासून बघत आले. आमच्या पेठेत लग्नाची तारीख काढतानासुद्धा कुणीतरी हळूच विचारायचं, "त्या दिवशी मॅच कुणाची हाय?" लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा वाटलं, सुटले. पण पोटच्या पोरानं दहाव्या वर्षी आर्सेनल नावाचं खूळ डोक्यात घेतलं, आणि माहेरी निदान दुपारी व्हायचं ते पुण्यात मध्यरात्री व्हायला लागलं.

माझ्या थोरल्या भावाला सगळी पेठ आण्णा म्हणते, मीही म्हणते. तो कोल्हापूरच्या एका तालमीचा जन्माचा समर्थक. तालीम कुठली ते लिहीत नाही. लिहिलं तर उरलेलं कोल्हापूर हा लेख इथंच मिटवून ठेवील. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की कोल्हापुरातल्या तालमी मुळात कुस्तीच्या. लाल मातीत घुमणारी पोरं पुढं चेंडूमागं धावायला लागली, राजघराण्यानं आश्रय दिला, आणि आज पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल ही नावं घेतली की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आखाड्याआधी शाहू स्टेडियम येतं. थंडी पडली की केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू होते. ती संपली की एकामागून एक चषक, ते थेट वळवाचे पाऊस येईपर्यंत. भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून माणसं स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात.

आण्णाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "सिझन संपू दे," एवढंच त्याचं उत्तर. सगळा हिवाळा त्यानं धुरकट डोळ्यानं मॅचेस बघितल्या. म्हणे, "चेहरा दिसत न्हाई, पण चालीवरनं पोरगं कळतंय." तालीम शेवटच्या स्पर्धेतून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "आता काढा डोळा." अशा रीतीनं मे २०२४ मध्ये आण्णा आमच्याकडं पुण्यात आला. नेमका तेव्हाच आर्सेनलचा सिझन शेवटच्या दोन सामन्यांवर येऊन ठेपला होता.

पहिली चकमक १२ मेच्या रात्री झाली. दुसऱ्या दिवशी पुण्यात मतदान होतं. कोल्हापूरचं सात तारखेला उरकलेलं, त्यामुळं आण्णा बोटाला शाई आणि डोळ्याला काळा चष्मा लावून सोफ्यावर. रात्री नऊला मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर आर्सेनलचा सामना.

आण्णा : ह्यातला तुझ्या ओळखीचा कोण हाय?

चिरंजीव : अकराही माहितीयत मला. बाकावर बसलेलेही.

आण्णा : तू त्यास्नी ओळखतोस, ते कळलं. तुला त्यातलं कोण वळखतंय का?

चिरंजीव : नाही.

आण्णा : मग ती तुझी टीम कशी? आमचा सेंटर हाफ सकाळी माझ्या दारात दूध घालतोय. आदल्या दिवशी हरलं तर मी त्याच्याशी बोलत न्हाई. भांडं फुडं करतो, दूध घेतो, दार लावतो. ह्याला टीम म्हणायचं.

चिरंजीव : आणि तो काय करतो?

आण्णा : पाणी जास्त घालतोय.

चिरंजीव : मामा, पण तुम्ही तालीम निवडली कुठं? आजोबांची होती म्हणून तुमची झाली. पलीकडच्या गल्लीत जन्मला असतात तर ह्याच तालमीला शिव्या घातल्या असत्यात. मी निवडली. कुणी सांगितलं नव्हतं, घरात कुणी बघतही नव्हतं. २००३-०४ चा सिझन, लीगचे ३८ सामने, २६ जिंकले, १२ बरोबरीत, हरला एकही नाही. तिएरी ऑन्रीला धावताना बघितलं आणि ठरवलं, ही आपली.

आण्णा : म्हंजे जिंकणाऱ्याच्या मागं लागलास. त्यात कसली मर्दुमकी? विजयी मिरवणुकीत कोण बी नाचतंय.

चिरंजीव : त्यानंतर आजपर्यंत लीग मिळालेली नाही.

आण्णा : आजपतूर म्हंजे?

चिरंजीव : वीस वर्षं.

आण्णानं मान वळवून काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. "आणि सोडली न्हाईस?" "नाही." आण्णा पुढं काही बोलला नाही. पण मध्यंतरात त्यानं आपल्या वाटणीचा आंबा भाच्याच्या ताटलीत सरकवला, हे मी बघितलं.

लेआन्द्रो ट्रोसार्डच्या एका गोलवर आर्सेनल जिंकलं. सामना संपला तसा तिथं धो धो पाऊस लागला आणि स्टेडियमच्या छपरातून पाण्याचा धबधबा प्रेक्षकांच्या जागेवर कोसळताना दिसला. आण्णा खूश. "एवढा श्रीमंत क्लब आणि छप्पर गळतंय? आमच्या पायऱ्यांवर छप्परच न्हाई, गळायचा प्रश्नच मिटला!"

इथं मला थोडं बोलू द्या, कारण हे दोघं एकदा सुरू झाले की तिसऱ्याला जागा ठेवत नाहीत. आण्णा म्हणतो, टीम म्हणजे माणसं, आणि माणसं हाताच्या अंतरावर असली तरच आपली. माझा मुलगा म्हणतो, जी गोष्ट आयती पदरात पडली तिच्याशी निष्ठा ठेवण्यात कसली कसोटी? दोघांचंही ऐकताना मला माझी आई आठवते. आमच्या गच्चीवर स्टेडियमचा गलका ऐकू यायचा. आई जन्मात कधी मॅचला गेली नाही, पण गलक्याच्या जातीवरून तिला निकाल कळायचा आणि त्यावर ती भाकरीचं पीठ काढायची. जिंकले तर वडिलांबरोबर चारसहा जण जेवायला येणार, म्हणून परात भरून. हरले तर वडील उपाशी झोपणार, म्हणून मूठभर. ती कुणाची समर्थक होती हे तिला कुणी विचारलं नाही. पण सिझन सगळ्यांत काटेकोरपणे कुणी पाळला असेल तर तिनं.

मी आता तिच्याच जागेवर आहे, फक्त गलक्याऐवजी वेळापत्रक बघते. इंग्लंडातले दुपारी तीनचे सामने आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसातला आणि थंडीत साडेआठला, कारण ते लोक ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास मागं घेतात आणि मार्चअखेर पुढं करतात. आमच्या स्वयंपाकघरालाही ते पाळावं लागतं. ३१ मार्चला तिकडं घड्याळ पुढं गेलं आणि त्याच दिवशी मँचेस्टर सिटीशी सामना होता. मी दहाला पोळ्या टाकायच्या बेतात, तर पोरगं नऊलाच रिकाम्या ताटापुढं बसलेलं. डिसेंबरातला ल्यूटनचा सामना रात्री पावणेदोनला सुरू झाला. पहाटे, भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला डेक्लन राइसनं डोक्यानं गोल मारला, ४-३. त्या वेळी आमच्या घरातून जी आरोळी उठली तिच्यामुळं खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन जिना चढून वर आले. एकतीस डिसेंबरला संध्याकाळी फुलहॅमकडून हरले, तेव्हा नवीन वर्ष आमच्या घरात दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत उजाडलं नव्हतं.

मग पैशांवरून सुरू झालं. त्याच राइसचं निमित्त. आण्णानं विचारलं, हा केवढ्याला घेतला? पोरानं सांगितलं, दहा कोटी पौंड, वर अटींचे पन्नास लाख. आण्णानं बोटं मोजत गुणाकार करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

आण्णा : एका माणसाचे एवढे? अख्खी पेठ येईल की त्यात, तालमीसकट. मालक कोण ह्यांचा?

चिरंजीव : क्रोएंके म्हणून एक अमेरिकन.

आण्णा : मॅनेजर?

चिरंजीव : आर्टेटा. स्पॅनिश.

आण्णा : कॅप्टन?

चिरंजीव : ओडेगार्ड. नॉर्वेचा.

आण्णा : आणि छातीवर दुबईच्या विमानाचं नाव. मग लंडनचं त्यात काय ऱ्हायलं? पाणी?

चिरंजीव : आणि तुमच्या तालमींचं काय राहिलंय मामा? सिझनच्या आधी नोंदणी सुरू झाली की ह्या पेठेची पोरं त्या पेठेत जातात. आफ्रिकेतनं आलेले खेळाडू भाड्याच्या खोल्यांत राहून तालमींकडून खेळतात. त्यांना कोण घेऊन येतं? जवळजवळ प्रत्येक चषकामागं कुठला तरी नेता उभा असतो, बक्षिसाच्या रकमा वाढत चालल्यात. दूध घालणारा सेंटर हाफ अजून किती दिवस टिकेल?

आण्णा : (जरा वेळानं) ते खरं हाय. लोकांस्नी कप पायजे. कप पायजे म्हणून बाहेरचं पोरगं पायजे. पण ऐक, तो काळा पोरगा आमच्यात आला की महिन्याभरात मिसळीच्या दुकानात त्याला 'आवं पाव्हणं' म्हणून हाक मारत्यात. कट वेगळा मागतोय तो आता. तुझा राइस कुणाला हाक मारतो?

चिरंजीव : आर्सेनल तरी कुठं त्या पेठेचं आहे? १८८६ साली थेम्सच्या दक्षिणेला, वुलिचमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेली टीम. छातीवरची तोफ तिथली. पैसे संपत आले, प्रेक्षक येईनात, म्हणून १९१३ मध्ये गाशा गुंडाळून नदी ओलांडली आणि उत्तर लंडनमध्ये हायबरीला मांडला. ते बरोबर टॉटनहॅमच्या दारात. तेव्हापासूनचं वैर आहे ते.

आण्णा : (ताठ बसून) म्हंजे दुसऱ्याच्या पेठेत येऊन तालीम काढली?

चिरंजीव : हो.

आण्णा : आणि तिथल्या लोकांनी काढू दिली?

चिरंजीव : विरोध केला. चालला नाही.

आण्णा : आमच्यात चालला असता.

आण्णाला आर्सेनल त्या क्षणी कळलं, असं माझं मत आहे. खेळ, डावपेच, गुण ह्यांतलं काही नाही. कुणीतरी कुणाच्या तरी हद्दीत घुसलंय आणि ते शंभर वर्षांनंतरही विसरलेलं नाही, एवढं त्याला पुरलं. त्यानंतर तो टॉटनहॅमबद्दलच जास्त विचारायला लागला.

पण मध्येच एक कडवट फेरी झाली. मुलानं आण्णाला विचारलं, की गेल्या वर्षी तुमच्या पेठेतलं जे एकोणीस वर्षांचं पोरगं पेनल्टी चुकलं, ते पुढं खेळतंय का? आण्णा म्हणाला, खेळतंय. मुलगा म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतंत की ते महिनाभर कट्ट्यावर आलं नाही. त्याच्या आईला दुकानात लोकांनी ऐकवलं. हे तुमचं हाताच्या अंतरावरचं प्रेम. आणि हरल्यावर दगड उचलणारे, गाड्या फोडणारे, पोलीस ठाण्यात नावं लागलेली पोरं? ती पण जवळचीच ना? माझ्या प्रेमानं आजवर कुणाच्या खिडकीची काच फुटलेली नाही.

आण्णा चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. म्हणाला, "दगुड उचलणाऱ्याला मॅच कळत नसती. तो मॅचला आलेलाच नसतोय." मग थोडं थांबून, "पण त्या पोराच्या आईला बोलले त्यात मी बी हुतो." एवढं बोलून तो पाणी प्यायला उठला. मुलगा गप्प बसला. मग आण्णा परत आल्यावर त्यानं साकाची गोष्ट सांगितली. ती मलाही नव्यानं कळली.

बुकायो साका सात वर्षांचा असल्यापासून आर्सेनलच्या शाळेत वाढलेला. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर युरो स्पर्धेची फायनल होती, इंग्लंड विरुद्ध इटली. शेवटची पेनल्टी ह्या एकोणीस वर्षांच्या पोरानं घेतली आणि ती अडवली गेली. त्या रात्री त्याच्या रंगावरून त्याला जे ऐकवलं गेलं, ते ऐकवणारेही इंग्लंडचेच समर्थक म्हणवणारे होते. पुढच्याच महिन्यात आर्सेनलचा सरावाचा सामना टॉटनहॅमच्या मैदानावर होता. साका मैदानात उतरला तेव्हा टॉटनहॅमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उत्तर लंडन साकाच्या पाठीशी आहे असा फलक धरला.

आण्णा : टॉटनहॅमच्या? ज्यांच्या पेठेत हे घुसले त्यांनी?

चिरंजीव : त्यांनीच.

आण्णा : आता पेनल्टी मारतोय का तो?

चिरंजीव : यंदा मार्चमध्ये पोर्टोविरुद्ध शूटआउट झालं. मारली, गेली. जिंकलो.

आण्णा : वैरी असावा तर असा.

हे वाक्य तो दोन दिवसांत गिळणार होता.

१४ मेची रात्र, खरं तर १५ तारीख, रात्री साडेबारा. टॉटनहॅम विरुद्ध मँचेस्टर सिटी. हिशोब असा होता, की सिटी जिंकली तर शेवटच्या दिवशी आर्सेनलच्या पुढं राहणार. सिटी अडखळली तर आर्सेनलच्या नशिबाची दोरी आर्सेनलच्याच हातात येणार. म्हणून जन्मभर टॉटनहॅमचं वाईट चिंतणारा माझा मुलगा त्या रात्री टॉटनहॅमसाठी देव पाण्यात घालून बसला होता. आणि टॉटनहॅमलाही जिंकायची गरज होती; चॅम्पियन्स लीगमध्ये नेणारी चौथी जागा त्यावर अवलंबून होती. सरळ हिशोब. पण टीव्हीवर काहीतरी वेगळंच चाललं होतं. टॉटनहॅमच्या घरच्या मैदानावर, घरचे प्रेक्षक, आणि स्वतःच्या टीमच्या चढाईला म्हणावा तसा आवाजच नाही. उलट हालंडनं सिटीचा पहिला गोल मारला, तसं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आर्सेनलला डिवचणारं गाणं सुरू केलं.

चिरंजीव : हे काय करतायत हे? स्वतःचं नुकसान आहे त्यांचं!

आण्णा : (हळूच हसत) बरोबर करालेत.

चिरंजीव : बरोबर? हरले तर चॅम्पियन्स लीग जाईल त्यांची!

आण्णा : जाऊ दे की. ती फुडच्या वर्षी येईल. तुमची पोरं कप घेऊन त्यांच्या दारावरनं मिरवत गेली तर ते जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. शाळेत, कामावर, सलूनमधी. तू लंडनला ऱ्हात न्हाईस म्हणून तुला हे कळंना.

चिरंजीव : तुम्ही आत्ता म्हणालात ना, वैरी असावा तर असा?

आण्णा : पोरावर अन्याव झाला तवा टाळी वाजवायची, हे वैऱ्याचं काम. आणि कप मिळू द्यायचा न्हाई, हे बी वैऱ्याचंच काम. दोन्ही एकच माणूस करतोय. मला सांग, त्यातलं तू काय करू शकतोस इथनं?

चिरंजीव : काहीच नाही.

आण्णा : तेच सांगालोय.

शहाऐंशीव्या मिनिटाला टॉटनहॅमचा सॉन एकटाच गोलकीपरसमोर गेला. सिटीचा नेहमीचा गोलकीपर जखमी होऊन बाहेर गेलेला, बदली आलेला ओर्टेगा पुढं. मुलगा उभा राहिला. ओर्टेगाचा पाय आडवा आला आणि चेंडू बाहेर. मुलगा खाली बसला तो जमिनीवरच. जरा वेळानं सिटीनं पेनल्टीवर दुसरा गोल केला. टॉटनहॅमचा मॅनेजर पोस्टेकोग्लू सामन्यानंतर भलताच संतापलेला दिसला. क्लबाचा पायाच कच्चा आहे अशा अर्थाचं काहीसं बोलला. आण्णाचं त्यावर मत, "बाहेरचा हाय त्यो, ऑस्ट्रेलियाचा. त्याला पेठ कळंना."

मला स्वतःला तो सगळा प्रकार क्षुद्र वाटला. स्वतःच्या टीमच्या पराभवावर गाणारी माणसं मला आवडली नाहीत, आणि त्यांची बाजू घेणारा माझा भाऊही त्या रात्री आवडला नाही. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. माझा मुलगा वीस वर्षं ज्या क्लबाला वाहिलेला, त्याचं वैर त्याला पाठ होतं, तारखांसकट. आण्णाला ते दोन दिवसांपूर्वी कळलेलं, आणि तरी त्यातली चव त्यालाच लागली.

१९ मेचा रविवार. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडं रात्री साडेआठला. आर्सेनलचा एव्हर्टनशी घरच्या मैदानावर, सिटीचा वेस्ट हॅमशी तिकडं मँचेस्टरला. आर्सेनलनं जिंकायचं आणि सिटीनं जिंकायचं नाही, तरच काही. टीव्हीवर एक, मोबाइलवर दुसरा. दुसऱ्या मिनिटालाच सिटीच्या फोडनचा गोल. अठराव्या मिनिटाला पुन्हा त्याचाच. मग इकडं एव्हर्टननं आर्सेनलवर गोल चढवला, तोमियासूनं बरोबरी केली, तिकडं वेस्ट हॅमच्या कुडुसनं पाठमोरी उलटी किक मारून एक परत केला. पाच मिनिटं घरात श्वास घ्यायलाही बंदी होती. उत्तरार्धात रोद्रीनं सिटीचा तिसरा केला आणि संपलं. एकोणनव्वदाव्या मिनिटाला हावर्ट्झनं आर्सेनलचा विजयी गोल मारला, तेव्हा तो नुसता हिशोबाला होता. सिटी ९१, आर्सेनल ८९. सिटीची सलग चौथी लीग; इंग्लंडात असं आधी कुणीच केलेलं नव्हतं.

आण्णा : २८ मॅच जिंकून दुसरं?

चिरंजीव : हो.

आण्णा : गेल्या वर्षी?

चिरंजीव : दुसरंच. गेल्या वर्षी तर बहुतेक सगळा सिझन पहिल्या नंबरावर होतो.

आण्णा : मग ह्या पोरांस्नी कोण काय बोललं का?

चिरंजीव : लोक थांबलेत बघा ना स्टेडियममध्ये. टाळ्या वाजवतायत. आर्टेटा बोलतोय त्यांच्याशी.

आण्णा : आमच्यात दुसऱ्या दिवशी निम्मं गाव बोलायचं बंद झालं असतं. (थोडं थांबून) तू किती दिवस बोलणार न्हाईस?

चिरंजीव : कुणाशी?

आण्णा : कुणाशी बी.

मुलगा हसला, त्या रात्रीत पहिल्यांदाच. मी दोघांना जेवायला वाढलं. माझी आई असती तर मूठभरच पीठ काढलं असतं, पण माझ्या घरात हरल्यावर जास्त खातात.

जेवताना आण्णानं जे विचारलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यानं विचारलं, की तिथं साठ हजार लोक बसलेत, तू बसला न्हाईस तरी त्यास्नी काय फरक पडतो? तू उद्या सोडलंस तर त्या क्लबाला कळणार बी न्हाई. मुलगा म्हणाला, नाही कळणार. तुमच्या तालमीला तुम्ही वर्गणी देता, पोरांना बूट घेऊन देता, सरावाला जाऊन ओरडता. तुम्ही गेलात तर तालमीत जागा रिकामी होईल. माझी जागाच नाहीये तिथं. आण्णा म्हणाला, मग कशाला? मुलगा म्हणाला, बँकेतलं काम, हप्ते, ट्रॅफिक, हे सगळं मी कुणाला तरी पाहिजे म्हणून करतो. ही एकच गोष्ट अशी आहे जी कुणाला नको असूनही मी करतो. मला वाटतं मला तेच आवडतं.

आण्णाला हे पटलं नाही. मला निम्मं पटलं. माणसानं घेतलेल्या प्रत्येक जबाबदारीची कुणीतरी पावती द्यायला हवी असं नाही. पण पहाटे पावणेचारला काठी घेऊन वर आलेल्या आजोबांना ही पावती मीच फाडून दिली होती, हेही खरं. ज्याची जागा तिथं नाही त्याचा गलका इथं होतो.

आण्णा : ते काय बी असू दे. तू जानेवारीत कोल्हापूरला ये. शाहू स्टेडियमवर बस माझ्याजवळ. उन्हात. शेंगा खात. मग मला सांग फुटबॉल म्हंजे काय.

मी म्हटलं, मीपण येणार.

आण्णा : तू? पायऱ्यांवर?

मी म्हटलं, आपल्या कोल्हापूरच्या पोरी २०१९ ला इंडियन विमेन्स लीग खेळल्या, एफसी कोल्हापूर सिटी म्हणून. त्या खेळू शकतात आणि मी बसू शकत नाही? इतकी वर्षं गच्चीवरून नुसतं ऐकलंय.

आण्णा : बस की, कोण नको म्हणतंय. टोपी आण म्हंजे झालं. आणि तू रं, भाचेबुवा? येणार का न्हाई?

चिरंजीव : येतो. पण तुमच्याजवळ बसेनच असं नाही. आधी दोन-चार तालमींच्या मॅचेस बघतो, मग ठरवतो कुठल्या बाजूला बसायचं ते.

आण्णा : ठरवतो म्हंजे?

चिरंजीव : माझा जन्म पुण्याचा, मामा. मला कुठलीच पेठ नाही. निवडायला मोकळा आहे.

आण्णानं घास ताटात ठेवला.

आण्णा : मग ज्यांची निवडशील त्यांच्यातच जेवाय बी जा.